गाडी खायची, बैल नाही

अकोला, जुने शहर
श्रावण शुद्ध ३, शके १७८६

चि. नारायणास,

आशीर्वाद आधी देऊन टाकते, कारण पुढे रागच आहे.

तुझं पत्र पुंजाराम गाडीवानानं चिखल तुडवत आणून दिलं. शिमग्यापासूनचं हे पहिलं पत्र. मी हात धुऊन, देवापाशी बसून ते उघडलं. आणि आत काय, तर 'पोळा झाला की सिंधू व चिंतू यांस पातुरास आजोळी पोचवावे, सासूबाईंस तसे कळविले आहे.' पोचवावे! तुझ्या पेढीवरचे कापसाचे बोजे आहेत का रे ती? लेकरांची आई गेली, यमुनेचा तेरावा झाला आणि तू जो अमरावती गाठलीस तो मागे वळून पाहिलं नाहीस. अमरावती काही विलायत नाही. सगळं वऱ्हाड कापसापायी वेडं झालंय हे मला कळतं, पण कापूस तोलणाऱ्यांनाही लेकरं असतात.

'अक्कास लेकरांचा अनुभव नाही,' असंही लिहिलं आहेस. मला मूल नाही हे खरं. संसार काय असतो हे कळायच्या आत तो आटोपला, हेही खरं. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुला कडेवर घेऊन मोर्णेच्या काठानं कोण फिरत होतं? बाबा तुला अक्षरं गिरवायला बसवायचे तेव्हा तू पळून जाऊ नयेस म्हणून शेजारी कोणाला बसवायचे? त्यातच मी लिहायला शिकले, आणि आता तुला खरमरीत पत्र लिहिते आहे.

मुलं मजेत आहेत. चिंतू दिवसभर अंगणात चिखल उपसतो. सिंधू जेवते. नीट जेवते. तिच्या खाण्याची काळजी तू करू नकोस आणि पातूरकरांनीही करू नये.

पोळ्यापर्यंत मुलं माझी आहेत. पुढचं पुढे.

तुझी,
अक्का


श्रावण शुद्ध १२

चि. नारायणास,

तुझं उत्तर नाही. न येवो. मला सांगायचंच आहे.

सिंधू नीट जेवते असं मी लिहिलं होतं. काल ती खरोखर जेवली, म्हणून आता सगळं सांगते. यमुना गेल्यापासून ही पोर दोन घास गिळून उठत होती. पोळी पाटाखाली सरकवायची आणि 'झालं' म्हणायची. मी रागावले, लाडीगोडी लावली, दृष्ट काढली, नवस बोलले. सात वर्षांच्या पोरीची मनगटं माझ्या दोन बोटांच्या कड्यात सैल बसायची. हे अजून चालूच आहे असं पातूरला कळलं तर तुझ्या सासूबाई दुसऱ्या दिवशीच गाडी जुंपतील, म्हणून तोंड दाबून बसले होते.

आपल्या शेजारच्या घरात सुरतेहून आलेले एक कापसाचे व्यापारी राहतात. त्यांची बायको रेवाबेन. वैष्णव आहे, माझ्याइतकीच सोवळ्याची. परवा ती परसात चूल पेटवून बसली होती. तांब्याच्या परातीवर परात पालथी घातलेली, खाली निखारे, वर निखारे. असा वास सुटला की चिंतू कुंपणाला चिकटून उभा राहिला. 'नानकटाई छे, बेन, आवो ने!' म्हणून तिनं मला बोलावलं आणि हाताला धरून शिकवलं. पांढरं होईपर्यंत तूप फेसायचं, त्यात पिठीसाखर, मग कणीक, बेसन, वेलची. पाणी नाही की दूध नाही. तुझ्या कानावर कोणी घालेल की अक्का लेकरांना साहेबाच्या तंबूतलं बिस्कुट चारते. त्याला सांग की यात पीठ फुगवायला ताडी नाही, अंडं नाही, आणि माझ्या परसात साहेब नाही.

दुसऱ्या दिवशी मी आपल्याकडे मांडामांड केली. दोन्ही मुलांना आंघोळी घातल्या, पुढ्यात पाट दिले आणि म्हटलं, तूप फेसा. चिंतूनं कोपरापर्यंत फेसलं. सिंधू आधी नुसतीच बघत राहिली. मग म्हणाली, 'आत्या, त्याले जमत नाई. दे इकडे.' आणि बसली. गोळे वळले, चपटे केले, वर चारोळी टोचायची होती. चिंतू एका गोळ्यावर मूठभर चारोळी थापत होता. सिंधूनं मात्र एकाला डोळे काढले, नाक काढलं, चारोळीचा दात काढला आणि म्हणाली, 'हे पार्वताबाई.' समोरच्या पार्वताबाईला पुढचा एकच दात आहे, तुला माहीत आहे. मी हसू दाबायला पदर तोंडात कोंबला.

निखारे मी वर जास्त घातले. पहिली परात काळी ठिक्कर पडली. माझा चेहरा उतरला. सिंधूनं मात्र ती जळकी पार्वताबाई उचलली, फुंकर घातली आणि खाल्ली. सगळी खाल्ली रे! मग दुसरी मागितली. काल संध्याकाळी वरणभात खाल्ला आणि पाटाखाली काही सापडलं नाही. मी देवघरात जाऊन भरपूर रडले. नंतर राहिलेली करपलेली नानकटाई मीही खाल्ली. कडू होती. मला बासुंदीसारखी लागली.

तुझी,
अक्का


श्रावण वद्य १२

चि. नारायणास,

एक किरकोळ बाचाबाची झाली आहे. तुझ्या कानावर तिखटमीठ लागून येईल, त्याआधी माझ्याकडून ऐक.

आता आमच्या परसात रोज दुपारी गल्लीतली पाच-सात पोरं जमतात. पीठ ज्याचं त्यानं घरून आणायचं, तूप आणि निखारे माझे. तान्हा पोळा जवळ आला. पोरं आपापले लाकडी बैल घेऊन घरोघर फिरतील. समोरच्या खुशालरावांनी, म्हणजे पार्वताबाईच्या यजमानांनी, यंदा कापसाच्या भरवशावर खऱ्या बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली आहेत आणि नातवाच्या, सूर्यभानच्या लाकडी बैलालाही तशीच. सूर्यभान ती मिरवत होता. सिंधूचा लाकडी बैल जुना, एका पायानं लंगडा. ती म्हणाली, 'आत्या, आपन नानकटाईचा बैल करू.'

मला इतका आनंद झाला की मी डोकं गहाण ठेवलं. ती आपणहून काही मागते आहे, एवढंच मला दिसलं. दोन दिवस परसात नुसता बैलबाजार होता. लवंगांची शिंगं, चारोळीचे डोळे, खसखशीची झूल, गळ्यात हळदीत रंगवलेल्या खोबऱ्याच्या किसाची माळ. चिंतूच्या बैलाला पाच पाय होते. 'एक शिलकीचा,' म्हणाला. सूर्यभाननंही चांदीचा बैल घरी टाकून इथे दोन बैल केले. यावेळी निखारे मी बेतानं घातले. बैल असे खरपूस, असे सोनेरी निघाले की रेवाबेननं दोन्ही हातांनी माझ्यावरून बोटं मोडली.

पोरांनी ते पाटावर ओळीनं उभे केले. पार्वताबाई नातवाला न्यायला आली होती. तेवढ्यात सिंधूनं आपला बैल उचलला आणि शिंगासकट डोकं कडकन चावलं.

'अवो माय!' पार्वताबाई किंचाळली. 'पोट्टी बैल खाऊन राहिली!'

मला क्षणभर काही कळेना. मग कळलं. ज्या बैलाला चार दिवसांनी ओवाळायचं, पुरणपोळीचा घास भरवायचा, त्याच्या पाया पडायचं, तोच मी लेकरांना खायला करून दिला! एवढे दिवस पीठ मळलं, रंगवलं, सजवलं, आणि याचं पुढे काय करायचं हा विचार माझ्या डोक्यात एकदाही आला नाही. आमच्या परसात एवढी माणसं येऊन गेली, त्यांच्याही नाही.

'काहून वो गोदूबाई,' ती दाराशी उभी राहून गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, 'पोळ्याच्या तोंडावर आमी हळदतुपानं बैलाचे खांदे शेकतो, अन् तुमी अख्खा बैल शेकला? निखाऱ्यावर? आमच्या घरी बैलाच्या जीवावर चूल पेटते बाई!'

ती खरंच बोलत होती. खुशालरावांकडे आज चांदी आहे, पण पार्वताबाईनं स्वतः वखरामागे चालून दिवस काढले आहेत. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ती सूर्यभानला दंडाला धरून घेऊन गेली. बाकीची पोरंही गेली. उद्यापासून कोणी येणार नाही हे मला कळलं. सिंधू हातात बिनडोक्याचा बैल घेऊन उभी. 'आत्या, मी पाप केलं?' मी नाही म्हटलं. पण रात्री तिनं जेवण पुन्हा पाटाखाली लपवलं.

आणि आजच पातूरहून निरोप आला आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी तुझ्या सासूबाई, दुर्गाबाई, स्वतः येणार आहेत, मुलांना घेऊन जायला. या चिखलातून, या वयात. तूच बोलावलं असशील.

मी घाबरलेली नाही. हे वाक्य दोनदा लिहून खोडलं, तिसऱ्यांदा ठेवते आहे.

अक्का


भाद्रपद शुद्ध २

चि. नारायणा,

बस. पाण्याचा तांब्या जवळ घे. मी आता फुशारकी मारणार आहे.

तुझ्या सासूबाई पोळ्याच्या आदल्या दिवशी छकड्यातून उतरल्या त्या थेट परसात गेल्या. पाटावर बैल तसेच उभे होते. फेकायची हिंमत मला नव्हती, खाऊ देण्याची तर नव्हतीच. गल्लीत शिरतानाच त्यांना सगळं कळलं होतं. 'हेच का ते?' एवढंच म्हणाल्या. मग सिंधूचं मनगट हातात घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. 'उद्या निघायचं,' म्हणाल्या.

पण उद्या पोळा! पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, हे दुर्गाबाईंनाच काय, चिंतूलाही ठाऊक. संतापाच्या भरात त्या तिथी विसरल्या होत्या. गाडीवानानं हात जोडले, 'आजी, उद्या जुंपनार नाई. माह्यानं नाई होनार.' मग त्यांना राहावंच लागलं. मनातल्या मनात मी बैलांना दंडवत घातला.

त्या दुपारी मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. सिंधू छकड्याच्या बैलांपुढे बसली होती. बैल सुटे, जू बाजूला, गाडी एकटीच उभी. पार्वताबाई तिच्या दारात. पोर अचानक उठली, माझ्याकडे धावत आली आणि म्हणाली, 'आत्या, बैल नाई खायचा. गाडी खायची!'

'काय?'

'गाडी करू. नानकटाईची. बोजे करू कापसाचे. तेच खाऊन टाकू. गाडी नसली तं बैलाले ओढावं नाई लागत. मंग उद्या पोळा, परवा पन पोळा!'

पार्वताबाईनं ऐकलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, हिंमतच नव्हती. पण हसण्याचा आवाज आला. आधी हळू, मग मोठ्यानं. तोंडावर पदर घेऊन ती बाई गदगदा हसत होती आणि हसता हसता डोळे पुसत होती. 'यंदा कापूस वाहून वाहून आमच्या जोडीच्या खांद्याले घट्टे पडले वो,' म्हणाली. 'गाडी खाऊन टाकतो म्हंते पोट्टी! ये इकडे, माय. मी पीठ आनतो.'

आणि तिनं पीठ आणलं! कणकेची दुरडी कडेवर, लोण्याचं मडकं हातात, आणि सूर्यभान पुढे पळत. अर्ध्या घटकेत सगळी पोरं परत. पार्वताबाईनं गाडी कशी असते ते शिकवलं, कारण साटी म्हणजे वरचा सांगाडा आणि आख म्हणजे खालचा आस, एवढंही मला कळत नव्हतं. चाकं गोल, त्यांत वेलदोड्याचा आस. बोज्यांवर खोबऱ्याचा पांढरा कीस, थेट फुटलेल्या बोंडासारखा. चिंतूनं गाडीच्या धुरेवर एक माणूस बसवला. 'हे बाबा. हे कापूस घेऊन येऊन राहिले,' म्हणाला. तू आता काही बोलू नकोस, नुसतं वाच.

दुर्गाबाई दूर, खांबाला टेकून बसल्या होत्या. सिंधू त्यांच्यापाशी गेली आणि पिठाचा गोळा त्यांच्या मांडीवर ठेवला. 'आजी, तू चाक कर. तुह्या हातचं गोल होते. आई सांगे.' म्हाताऱ्या हातांनी तो गोळा वळायला घेतला. इतकं गोल चाक मी पाहिलं नाही. ते त्यांनी स्वतःच परातीत ठेवलं.

भाजलेल्या बैलांचं काय करायचं हे पार्वताबाईनंच ठरवलं. पोळ्याच्या दिवशी खऱ्या जोडीबरोबर त्यांनाही हळदकुंकू लावलं, अगदी बिनडोक्यालासुद्धा, आणि संध्याकाळी वाजतगाजत मोर्णेत सोडलं. चिंतूनं पाचव्या पायाला वेगळा नमस्कार केला.

मग आला तान्हा पोळा. पोरांच्या लाकडी बैलांना ओवाळायचं होतं. मी नेहमीसारखी दाराआड उभी राहिले. अशा वेळी विधवेनं समोर यायचं नसतं, त्याची मला सवय आहे आणि त्याचं मी रडगाणं गात नाही. पार्वताबाईनं तबक उचललं. एवढ्यात तुझ्या सासूबाई उठल्या. त्याही माझ्यासारख्याच, सहा वर्षांपूर्वी कुंकू पुसलेल्या, आणि कर्मठपणात पातुरात पहिल्या. त्या दारापाशी आल्या, माझं मनगट धरलं, त्याच पकडीनं, आणि मला सरळ अंगणात आणून उभं केलं.

'आत काहून उभी? लेकरं तुही, पोळा तुहा. कोनाले अपशकून होत असन तं त्यानं डोळे मिटावं.'

कोणी डोळे मिटले नाहीत. मी भर दुपारी, भर अंगणात, सगळ्या गल्लीदेखत उभी होते नारायणा! सिंधूचा लंगडा बैल ओवाळला गेला आणि मी समोर होते. मग पोरं परातीवर तुटून पडली. गाड्या मोडल्या, चाकं गेली, बोजे गेले. सूर्यभान ओरडत होता, 'बैल सुटले! बैल सुटले!' खुशालराव स्वतः धुरा खात उभे होते. पानावर सिंधूनं पुरणपोळी संपवून आणखी मागितली. पाटाखाली मी पाहिलं नाही. दुर्गाबाईंनी पाहिलं.

काही नव्हतं.

आज सकाळी त्यांचं छकडं जुंपलं. मी मुलांचं गाठोडं बांधून ठेवलं होतं. तू लिहिलं होतंस, मी हरले असते तर पाळलं असतं. दुर्गाबाईंनी ते गाठोडं उचललं आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, 'तेराव्यानंतर ही पोरगी माह्याकडे पंधरा दिवस होती, गोदावरी. पेजेवर होती. मी तिची सख्खी आजी, मले एक घास भरवता नाई आला. मी हिले नेत नाई. नारायणाले सांगजो, सासूनं सांगतलं म्हनून.'

छकडं रिकामं गेलं. नाही, रिकामं नाही. त्यांनी उरलेल्या बोज्यांचा डबा मागून घेतला, पातूरच्या पोरांना शिकवायचं म्हणून.

तर तुझी आज्ञा मोडली आहे आणि मोडणाऱ्यांत मी एकटी नाही. मुलं इथेच राहतील. तुला पटत नसेल तर येऊन भांड. पुंजाराम सांगत होता की तू वाळला आहेस, खाणावळीचं ताट तसंच सारतोस. हे ऐकताना सिंधू तिथेच होती. आता म्हणते मला लिहायचं आहे. तिला अक्षरं येत नाहीत अजून, ती सांगेल ते मी लिहिते. मध्ये मी एक शब्द घालणार नाही, अशी तिनं शपथ घातली आहे.

बाबा, मी सिंधू. आई गेली तवा मले पन भूक लागे नाई. पोटात होती भूक, पन जेवलं की आई आनखी दूर जाईन असं वाटे. ती जात नाई बाबा. मी पाहिलं जेवून. तुमी या, मी तुमच्या बाजूले बसतो. आधी अर्धीच पोळी खाजा.